जोंगाच्या बॉनेटखाली कुणाचं इंजिन? लष्करी गाड्यांचं दुसरं आयुष्य

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे ऑफिसमध्ये चोरून वाचतात, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना वाहवत गेलेल्या दोन-चार गोष्टी कापल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच.

विषय आहे जुन्या लष्करी गाड्या. म्हणजे जीप, जोंगा, शक्तिमान. लिलावात किंवा कुणाच्या तरी शेतातल्या शेडमध्ये अशी गाडी सापडते, माणूस ती घरी आणतो, अंगणात विटांवर चढवतो, आणि मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडी जशी होती तशीच करायची. दुसरा म्हणतो, पॉवर स्टिअरिंग टाकू, डिझेल इंजिन बसवू, मोठे टायर लावू. ओरिजिनल की मॉडिफाय? या भांडणावर यूट्यूबच्या कमेंटी भरून वाहतात. आपण इतिहासाच्या बाजूने बघू, कारण मला हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. ओरिजिनल म्हणजे नक्की कधीची गाडी?

सुरुवात नागपूरच्या मिहानपासून करतो. आज मिहान म्हटलं की आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, एम्स, आणि बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेला विमानदुरुस्ती तळ डोळ्यांसमोर येतो. शिवणगाव, खापरी या गावांची जमीन त्यात गेली, ती गोष्ट वेगळ्या भागाची. पण या सगळ्याच्या मधोमध जो विमानतळ आहे, तो सोनेगावचा. तो पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१७-१८ च्या सुमारास, लष्करी कामासाठी तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं लांबच्या प्रवासात इथे थांबायची. इंग्रज गेले, धावपट्टी राहिली.

जानेवारी १९४९ मध्ये इथे एक भन्नाट गोष्ट सुरू झाली. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून चार विमानं उडायची आणि मध्यरात्री नागपुरात भेटायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या घरी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. आजच्या कुरिअर कंपन्या ज्याला हब म्हणतात, ते सोनेगावात तेव्हाच चालू होतं. ही रात्रीची विमान-टपाल सेवा १९७३ पर्यंत चालली.

आता तुम्ही म्हणाल, ट्रकच्या भागात टपालाची विमानं कशाला? कारण सुरुवातीच्या काळात हे काम डाकोटा विमानांनी केलं, आणि डाकोटा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला उडता ट्रकच. अमेरिकेने युद्धासाठी या जातीची दहा हजारांहून जास्त लष्करी विमानं बांधली. युद्ध संपलं तेव्हा त्यांतली पुष्कळ भारतातच उभी होती. ती नेऊन परत अमेरिकेत ठेवण्यापेक्षा इथेच विकणं स्वस्त. आपल्या तेव्हाच्या हवाई कंपन्यांकडच्या बहुतेक डाकोटा अशाच युद्धातून उरलेल्या. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात ही विमानं दुरुस्त करून मुलकी कामासाठी फिरवून दिली जात. लष्करी बाकडी निघाली, प्रवाशांच्या खुर्च्या आल्या, रंग बदलला. मुंबईची पत्रं सोनेगावात उतरवणारी गाडी मूळची सैन्याची, आणि मॉडिफाय केलेली!

आकाशात जे झालं तेच रस्त्यावर झालं, फक्त शंभरपट मोठ्या प्रमाणावर.

तुमच्या आजोबांना विचारा, "डिस्पोजल" हा शब्द माहीत आहे का. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची जीप. युद्ध संपल्यावर सरकारकडे सामानाचे डोंगर होते. १९४६ मध्ये अमेरिकेने भारतात उरलेला आपला माल करार करून इथल्या सरकारकडे सोपवला. तो विकायला सरकारी खातंच होतं, आणि त्या खात्याच्या नावातला "डिस्पोजल्स" हा शब्द मराठीत असा काही रुळला की पुढे सैन्याने विकलेल्या कुठल्याही वस्तूला तोच लागू झाला.

या डोंगरात दोन गाड्या महत्त्वाच्या. पहिली जीप. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. दुसरी गाडी आज कुणाच्या लक्षात नाही: कॅनडाचा लष्करी ट्रक. कॅनडातल्या फोर्ड आणि शेवरले कारखान्यांनी एकाच ठरलेल्या नमुन्यावर चार लाखांहून जास्त ट्रक काढले. चपटं नाक, आणि काच वरून पुढे झुकलेली, म्हणजे आकाशातून बघणाऱ्या वैमानिकाला काचेची चमक दिसू नये. यातले पुष्कळ ट्रक सुट्या भागांच्या पेट्यांमधून मुंबईला यायचे आणि इथल्या जनरल मोटर्स आणि फोर्डच्या कारखान्यांत जोडले जायचे. शिवडीच्या जनरल मोटर्समध्ये गिऱ्हाईकांच्या मोटारी जोडणारे कामगार युद्धात सैन्याचे ट्रक जोडत होते. पुढे १९५४ च्या सुमारास या दोन्ही कंपन्या भारतातून गेल्या. पण ते हात, ते फिटर, ते वेल्डर कुठे जाणार? ते गॅरेजांमध्ये गेले.

आणि गॅरेजवाल्याने काय केलं? जुनं जपून ठेवलं? अजिबात नाही. जीपची सहा व्होल्टची वायरिंग उपटून बारा व्होल्टची केली. छत बसवलं, मागे आडव्या सीटा टाकल्या, सहा माणसांच्या जागेत बारा बसवली. कॅनडाच्या ट्रकचं पेट्रोल पिणारं इंजिन काढलं आणि मद्रासच्या सिम्पसनचं पर्किन्स डिझेल आत घातलं. त्यांचे टँकर झाले, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या क्रेन झाल्या. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीला तर जुन्या जीपचे भाग घेऊन नवीन जीप उभी करण्याचा धंदाच वाढला, तिकडच्या "लंडी जीप"ची रील्स तुम्ही पाहिली असतीलच. बंगालमध्ये पानागढला सैन्याच्या जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. आज आपण ज्याला हौस म्हणतो, तो मुळात पोटाचा धंदा होता. नवीन ट्रक मिळत नव्हते, परदेशी चलन नव्हतं, सुटे भाग येत नव्हते. मॉडिफिकेशन ही गरज होती.

गंमत म्हणजे, सैन्याची स्वतःची अवस्था काही वेगळी नव्हती. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षं झाली तरी आपले जवान महायुद्धातल्याच गाड्या ओढत होते. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना ठरलं की ट्रक आपणच बनवायचे. जर्मनीच्या मान कंपनीकडून परवाना घेतला आणि १९५९ मध्ये जबलपूरच्या तोफगाडा कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला. नाव ठेवलं शक्तिमान.

इथे नागपूरकरांनी कान टवकारावेत. जबलपूर आज आपल्याला मध्य प्रदेशातलं, म्हणजे परक्या राज्यातलं वाटतं. पण १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. तो तोफगाडा कारखाना १९०४ चा, म्हणजे त्याची पहिली पन्नास वर्षं जबलपूरची सरकारदरबारची कामं नागपूरलाच यायची. सिवनीवरून येणारा रस्ता सरळ आपल्या कामठी रोडला मिळतो, अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. इकडे कामठीची छावणी १८२१ पासूनची, पुलगावला दारूगोळ्याचं अवाढव्य कोठार, अंबाझरीला आयुध निर्माणी, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. विदर्भातल्या दोन पिढ्यांनी जबलपूरच्या हिरव्या गाड्यांचे ताफे रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजले आहेत. महामार्गावर सगळी वाहतूक थांबायची आणि एकामागून एक शक्तिमान जायचे.

साठच्या दशकात जपानच्या निसानशीही करार झाला. त्यातून एक टनी ट्रक आला आणि निसान पेट्रोल या जीपवजा गाडीची भारतीय आवृत्ती आली. (पेट्रोल म्हणजे इंधन नव्हे, गस्त घालणं या अर्थाचा इंग्रजी शब्द. मराठीत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात, काय करणार!) १९६९ मध्ये जबलपूरला वाहनांसाठी वेगळा कारखाना झाला, व्हेईकल फॅक्टरी, आणि ही गाडी तिथे बनू लागली. तिचं नाव जोंगा. हे जपानी नाव नाही, आफ्रिकन तर नाहीच. जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडा कारखान्याच्या इंग्रजी नावातली अक्षरं जोडून केलेला तो शब्द आहे. आपलं एसटी, बीएसटी तसं जोंगा. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद. २०१९ मध्ये धोनीने एक घेतली तेव्हा अर्ध्या भारताने हे नाव पहिल्यांदा गूगल केलं.

टीव्हीवरचा शक्तिमान १९९७ साली गोल फिरायला लागला, तोवर जबलपूरचा शक्तिमान निवृत्तीला लागला होता. त्याच्या जागी अशोक लेलँडचा स्टॅलियन आला. जोंगा १९९९ पर्यंत टिकली. मग लिलाव. ईशान्येकडच्या डोंगरांत जुने शक्तिमान लाकूड ओढत राहिले, कारण चिखलात त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही स्वस्तात मिळत नव्हतं. बाकीचे बहुतेक भंगारात. अडीच-तीन मजली घराच्या गल्लीत शक्तिमान कोण उभा करणार? म्हणून घरगुती रिस्टोरेशन म्हटलं की जीप आणि जोंगाच दिसतात.

जोंगाचं काय झालं ते नीट ऐका, कारण मुद्दा इथेच आहे. लिटरला पाचेक किलोमीटर जाणारी गाडी सरकारला परवडते, शेतकऱ्याला नाही. म्हणून लिलावातून बाहेर पडलेल्या जोंगाचं पेट्रोल इंजिन पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच निघायचं आणि मिळेल ते डिझेल बसायचं. ट्रॅक्टरचं, टेम्पोचं, ट्रकचं. आजचे शुद्धतावादी यावर हळहळतात. पण शेवटी शेवटी खुद्द जबलपूरच्या कारखान्यानेच सामान्य ग्राहकांसाठी डिझेल इंजिनाची जोंगा काढली होती! गॅरेजवाल्याने जे केलं तेच कारखान्याने केलं. मग ओरिजिनल कोणती?

बरं, आता अंगणात चढवलेल्या गाडीकडे येऊ. ज्यांनी उद्या काम काढायचं ठरवलंय त्यांच्यासाठी इतिहासाचा थेट उपयोग सांगतो.

पहिली गोष्ट, पाने. विलीज जीपचे नट-बोल्ट इंची मापाचे, जोंगाचे आणि शक्तिमानचे मिलिमीटरचे. एकाच गाडीत दोन्ही सापडले तर समजा मधल्या कुठल्या तरी मिस्त्रीचा हात लागलाय. इंची बोल्टवर जवळचा एमएम पाना ठोकून बसवू नका, कोपरे गोल होतील आणि पुढचे दोन दिवस तुम्ही वेल्डिंगने नट जोडून तो बोल्ट काढत बसाल.

दुसरी, चाकं. याबद्दल मी जरा ओरडूनच बोलतो. पुष्कळ लष्करी गाड्यांची रिम एका तुकड्याची नसते. दोन अर्धे बोल्टने जोडलेले असतात, किंवा मोठ्या ट्रकला एक लॉक-रिंग असते. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर रिमचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. चाक उतरवणारे नट वेगळे आणि रिम जोडणारे नट वेगळे, आणि नव्या माणसाला ते सारखेच दिसतात. आधी व्हॉल्व्हमधली पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मग पाना हातात घ्या. मोठ्या ट्रकचं चाक असेल तर घरी करूच नका. ट्रकच्या टायरवाल्याकडे हवा भरताना रिम ठेवायला लोखंडी पिंजरा असतो, तो आहे का ते बघून मगच चाक द्या.

तिसरी, ब्रेक. जुन्या गाडीत ब्रेक ऑइलची एकच लाईन चारही चाकांना जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाईन असतात. इथे मी शुद्धतावाद्यांच्या बाजूने नाही. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा आणि जुना डब्यात जपून ठेवा. आणि जुने ब्रेक-लायनर घासताना तोंडाला नुसता रुमाल बांधून चालणार नाही. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

चौथी आणि माझी सगळ्यात आवडती, रंग. डेंटिंगवाल्याला "सगळा घासून टाक" असं सांगण्याआधी एक रविवार स्वतःसाठी ठेवा. बंपर, बॉनेटची बाजू आणि मागचा पत्रा घ्या आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने एकेक थर उतरवा. वरचा पांढरा किंवा लाल, त्याखाली एखाद्या कंत्राटदाराचा पिवळा, मग पुटी, मग हिरवा, आणि नशीब असेल तर त्या हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांची पुसट सावली. सैन्याच्या गाडीच्या नंबरात आधी वर टोक असलेला बाण असतो, त्यानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात आली ते साल. मग अक्षर आणि पुढचा क्रमांक. तो नंबर मिळाला म्हणजे गाडीचा जन्मदाखला मिळाला. ग्राइंडर फिरवला की हे सगळं दहा मिनिटांत धूळ.

आता मोठी अडचण. समजा तुम्ही सगळं मिळवलं. जबलपूरचं इंजिन, मूळ सीटा, मूळ दिवे. आता रंग द्यायचा. कोणता? सैन्याचा ऑलिव्ह ग्रीन? तो देता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुठलीही गाडी त्या रंगात रंगवायची नाही. म्हणजे रस्त्यावर फिरणारी गाडी शंभर टक्के ओरिजिनल करणं कायद्यातच बसत नाही. कारण समजण्यासारखं आहे, सैन्याची म्हणून कुणीही खोटी गाडी छावणीत घुसवू नये. पण रिस्टोरेशनचं स्वप्न बघणाऱ्याला हे शेवटच्या पायरीवर कळतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

उलट बाजूने मॉडिफाय करणाऱ्यालाही मोकळं रान नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की आरसीवर एक आणि गाडीत दुसरंच, असं चालणार नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि नोंद हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात "व्हीए" ही अक्षरं. रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली-प्रदर्शनाला न्यायची. छानच आहे. पण अट बघा: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. विलायती शोरूममधून येऊन महाराजांच्या गॅरेजमध्ये झोपून राहिलेली कार या अटीत आरामात बसते. डिस्पोजलमधून आलेली, पोटासाठी तीनदा इंजिन बदललेली जीप बसत नाही. आणि पहिली नोंदणी तरी कोणती धरायची? सैन्याच्या रजिस्टरमधली की लिलावानंतरची आरटीओची? दोन्हींत कधी कधी वीस वर्षांचं अंतर असतं.

मला खटकतं ते हेच. आपल्याकडे रणगाड्यांना अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून संग्रहालय आहे. नागपुरात कडबी चौकात नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे, लहान मुलं तिथे टॉय ट्रेनमध्ये बसतात. पण ज्या ट्रकांनी रेशन, टपाल आणि जखमी माणसं वाहिली, त्यांचा इतिहास कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली आहे. त्यात भर म्हणजे २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढायच्या असा नियम आला. सैन्याच्या खास कामाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे, पण साध्या सरकारी जीपसाठी लिलावातून अंगणात येण्याची वाट अरुंद झाली आहे. प्रदूषण आणि सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्य असेलही. पण आज ज्या गाड्या लोकांकडे आहेत, त्याच काय त्या उरणार.

म्हणून घरातल्या भांडणात मी कुठल्या बाजूने? तर मधल्या डिझेल इंजिनाच्याही बाजूने. १९८० मध्ये एखाद्या मिस्त्रीने जोंगात ट्रॅक्टरचं इंजिन बसवायला स्वतःच्या हाताने माउंटिंग बनवलं असेल, तर तेही जपण्यासारखं आहे. तो या देशातल्या गाडीचा खरा भाग आहे, जबलपूरच्या बोल्टइतकाच. काढायचं असेल तर काढा, पण भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. फोटो काढा, माप घ्या, मिस्त्रीचं गॅरेज कुठे होतं ते मागच्या मालकाला विचारून वहीत लिहा. लिलावाची पावती, सैन्याने गाडी सोडल्याचा कागद, पहिली आरसी, सगळं स्कॅन करून ठेवा. उद्या आरटीओत किंवा व्हिंटेजच्या नोंदणीला हेच कागद विचारले जाणार आहेत.

आणि सुरुवात डॅशबोर्डवरच्या पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या छोट्या पाटीपासून करा. गाडीचा प्रकार, चासी नंबर, गिअरचा नकाशा असं काय काय तिच्यावर कोरलेलं असतं. रंगकामासाठी डॅशबोर्ड उघडला की ती पाटी स्क्रूसकट कुठल्या तरी डब्यात जाते आणि तो डबा कधीच सापडत नाही. आज संध्याकाळीच मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.